तीन किलो माती

धुळ्याच्या चौथ्या गल्लीतल्या एका छोट्या कचेरीचा लाकडी जिना चढून लिलाबाई बैसाणे वर आल्या, तेव्हा त्यांच्या पदराला गाठ होती. त्यांनी ती टेबलावर सोडली. आत मूठभर काळी माती होती.

"हाई खाई देखा बाई," त्या म्हणाल्या. "खारी लागनी ते मी चुपचाप घर निंघी जासू."

संघमित्रा बिऱ्हाडेने खरोखरच चिमूटभर माती जिभेवर ठेवली. शेजारी बसलेल्या प्रेमराज नानांनी तोंड वाकडे केले. नाना शाळेतून निवृत्त झालेले, इतिहासाचे मास्तर. संघमित्राच्या कामात त्यांची मदत फारशी होत नसे, पण त्यांच्या सोबतीची तिला सवय झाली होती. ती स्वतः भूमापन खात्यात वीस वर्षे शेते मोजून, साहेबांशी भांडून बाहेर पडली होती. आता लोकांसाठी खासगी तपास करत असे.

"खारी नाही," ती म्हणाली.

लिलाबाईंनी मग पिशवीतून कागद काढला. तो तापीकाठ भूविकास मंडळाचा अहवाल होता. हे मंडळ आसपासच्या दोन जिल्ह्यांत बांधबंदिस्ती करून देई, ठिबक देई, माती तपासून सल्ला देई. पंधरा वर्षांपूर्वी त्याने पडीक जमिनीचे तुकडे भूमिहीनांना लांब मुदतीच्या पट्ट्याने दिले होते. शिंदखेडा तालुक्यातल्या चिंचखेडीत लिलाबाईंना दोन एकर मिळाले. त्यांच्या माहेरी किंवा सासरी कुणाच्याही नावावर त्याआधी वीतभर जमीन नव्हती. पट्ट्यावर अंगठा उमटवायचा नाही म्हणून पन्नाशीच्या जवळ असताना त्या सही शिकल्या.

आता अहवाल म्हणत होता की जमिनीत क्षार फार, लागवडीस अयोग्य. अशी जमीन मंडळ परत घेते आणि तिथे पिशव्यांत वाढवायच्या रोपांची रोपवाटिका करते. सोमवारी समितीची बैठक होती. सहा दिवस उरले होते.

"शेतात आत्ता काय आहे?" संघमित्राने विचारले.

कपाशी होती, गुडघ्याएवढी. लिलाबाईंनी ते समितीच्या साहेबांना सांगितले होते. साहेब म्हणाले, पीक हा पुरावा धरता येत नाही, अहवाल धरतात. फेरतपासणी हवी असेल तर पहिला नमुना सदोष होता हे सिद्ध करा. दोष कसा आला आणि कुणामुळे आला, हे नावासकट लिहून द्या.

"जो कोनी व्हई, तेन्हं नाव लिखा," लिलाबाई म्हणाल्या. "मी मांगे सरकनार नही."

दुसऱ्या दिवशी संघमित्रा आणि नाना आधी मंडळाच्या प्रयोगशाळेत गेले. तपासून उरलेली माती तिथे तीन महिने ठेवतात. लिलाबाईंच्या नावाच्या बाटलीतली माती भुरकट पांढरी होती, बोटांत धरली की पिठासारखी होणारी. त्यात भुशाचे बारीक तुकडे होते.

नानांना एक कल्पना सुचली. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरला असेल तर? संघमित्राने अहवालावर बोट ठेवले. नत्र कमी होते, पालाश कमी. वाढलेला होता तो फक्त सोडा, म्हणजे क्षार. खताची गोणी असती तर आकडे उलटे आले असते. नानांनी बाटली जागेवर ठेवली. आपण उगीच बोलतो असे त्यांना नेहमीच वाटे.

नमुने गोळा करणारा किरण देवरे मंडळाच्या शिंदखेड्याच्या कार्यालयात भेटला. तिशीतला, घामाघूम, सतत फोनकडे पाहणारा. त्याने मे महिन्यात चिंचखेडीतून चाळीस नमुने घेतले होते. शेतात आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे, माती एकत्र, एका कापडी पिशवीत तीन किलो. रीत बरोबर होती. मात्र माती सावलीत वाळवायची असते आणि चाळीस पिशव्या वाळवायला त्याच्याकडे जागा नव्हती. म्हणून त्याने पिशव्या ज्याच्या त्याच्या घरी ठेवल्या. तिसऱ्या दिवशी गावातल्याच हिलाल पाटलांच्या ट्रॅक्टरवरून सगळ्या एकदम आल्या. मग त्याने प्रत्येकीतून अर्धा किलो पुढे धाडली.

"लिलाबाईंच्या शेतात तुम्ही काळी माती भरलीत. प्रयोगशाळेत पांढरी निघाली. दिसलं नाही?"

किरणने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "दिसलं मॅडम. पण रंग कुठे लिहायचा नसतो. आणि त्याच भागात रोपवाटिका व्हावी असं वरून दोनदा विचारून झालं होतं. मी कशाला तोंड उघडू?"

मंडळ कुणाला उपाशी ठेवत नाही, हेही त्याने ऐकवले. जमीन जाईल त्या घरातल्या एकाला रोपवाटिकेवर राखणदार म्हणून घेतात.

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "हाच. वरच्यांना खूश करायचं होतं."

"वरच्यांना खूश करायला तो गप्प बसला. तेवढं पुरतं, नाना. माती बदलायची मेहनत तो करणार नाही."

चिंचखेडीत हिलाल आबा पाटील गोठ्यापाशीच होते. त्यांची जमीन लिलाबाईंच्या बांधाला लागून. गोठ्यावर धाबे, म्हणजे मातीचे सपाट छप्पर होते, त्यावर नव्याने टाकलेली पांढुरकी खारी माती. बाकी घर सिमेंटचे. संघमित्रा परवानगी घेऊन गोठ्याच्या धाब्यावर चढली आणि कडेकडेने फिरून आली. खारी सगळीकडे सारखी बसलेली होती.

ट्रॅक्टर वाटेत थांबला होता का, या प्रश्नावर आबा हसले. चहाला थांबला होता, अर्धा तास. नानांनी लगेच संघमित्राकडे पाहिले.

"मास्तर, डोळा नका मारू," आबा म्हणाले. "आज मन्हा बैल लिलाक्काना बांधवरथीन जातस. मंडळ उनं म्हंजे तारनं कुंपन. मंग मी बैल काय डोकावर लई जाऊ?"

लिलाबाईंचे घर गावाच्या टोकाला. दोन खोल्या, वर धाबे. त्या शेतातून यायच्या होत्या आणि दाराला कुलूप होते. कुलपाच्या दोन किल्ल्या, एक त्यांच्याजवळ आणि एक मुलाजवळ. मुलगा युवराज किल्ली घेऊन आला. चौतीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणे अदबीचे. त्याने शिडी घरातूनच बाहेर काढून दिली. नमुन्याची पिशवी त्या दोन दिवसांत घरातच होती आणि दिवसा आई शेतात असे, हे त्याने न विचारता सांगितले. हिलाल आबांवर आपला संशय नाही, असेही म्हणाला. स्वतःबद्दल विचारल्यावर कळले की मंडळात काम मिळायचे आहे. कुठे ते अजून नक्की नाही.

शिडी नानाच चढले, कारण संघमित्राने त्यांना तसे सांगितले. वरून ते म्हणाले, "पांढरंफेक आहे सगळं. एका जागी मात्र ताटाएवढं गवत उगवलंय. केना दिसतो, शेतातलं तण. छान दिसतंय."

युवराजने वर पाहिले नाही.

लिलाबाई आल्या. गुडघे धरून ओट्यावर बसल्या आणि त्यांनी युवराजला पाहुण्यांसाठी चहा ठेवायला सांगितले. घर जुने, पण चाळीस वर्षांत कधी गळले नाही, असे त्या बोलता बोलता म्हणाल्या. गेल्या उन्हाळ्यात पोराने नाल्यातून खारी आणून अंथरली होती. औंदा मात्र नेमके त्यांच्या खाटेवर गळते. रोज घमेले ठेवावे लागते. वर चढून बघावे तर गुडघे चढू देत नाहीत.

संघमित्राने चहा संपवला. मग हिलाल आबांना बोलावणे पाठवले आणि किरणला फेरतपासणीचा अर्ज घेऊन यायला फोन केला.

चार वाजता सगळे ओट्यावर जमले.

"बाटलीत जी माती होती, ती शेताची नव्हतीच," संघमित्रा म्हणाली. "शेतात कोणी भुसा मिसळत नाही. आपल्याकडे पांढऱ्या मातीत भुसा कुठे असतो? धाब्यावर. खारी टाकायची, भुसा घालून तुडवायची. तिच्यातून पाणी झिरपत नाही आणि तिच्यावर काही उगवत नाही. म्हणूनच ती छपरावर टाकतात."

आबांनी मान हलवली. हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"गावात धाबी दोनच उरली. आबांच्या गोठ्यावरची खारी कुठे उकरलेली नाही. इथली उकरलेली आहे. नानांनी पाहिलं ते गवत खारीवर उगवूच शकत नाही. तिथे काळी माती आहे, शेतातली, तणाच्या बियांसकट. आणि काळ्या मातीतून पाणी उतरतं. ती जागा लिलाबाईंच्या खाटेच्या बरोबर वर येते."

नाना हळूच म्हणाले, "म्हणजे पिशवीतली माती वर, आणि वरची पिशवीत."

"हो. आता कोणी केलं? शिडी कुलपाच्या आत असते. तरी समजा, कुलूप उघडून कोणी परका वर चढला. त्याने खारी काढली असती आणि काळी माती रस्त्यात फेकून दिली असती. दुसऱ्याच्या छपराला पडलेला खड्डा तो बुजवत बसला नसता. इथे खड्डा बुजवला आहे, नीट चोपून बसवला आहे. खाली आई झोपते हे ज्याच्या मनात होतं, त्याने बुजवला. हाताशी जी माती होती, तिनेच बुजवला. लिलाबाई शिडी चढू शकत नाहीत. घरात दुसरं कोण आहे?"

कोणी युवराजकडे पाहिले नाही. त्यानेच बोलायला सुरुवात केली, आणि आईशीच.

"माय, नऊ ठिकाने पोरगी देखाले गऊत. पहिलं काय इचारतस? नोकरी शे का. शेती सांगी का च्या बी पाजतस नही. मंडळनं पत्र येल शे. राखणदार का व्हईना, नोकरी शे. पिंपरखेडवाला हो म्हनतस." त्याचा आवाज फुटला नाही, उलट कोरडा होत गेला. "तुले सांगतू ते तू जमीन सोडती का?"

"नही," लिलाबाई म्हणाल्या.

"मंग?"

आबांनी खाली पाहत पागोटे सारखे केले आणि घरातले घरात मिटवा, असे ते पुटपुटले. संघमित्राने किरणला विचारले, नाव न लिहिता फेरतपासणी होते का. होत नाही, किरण म्हणाला. नाव लिहिले तर त्या माणसाला मंडळात पुन्हा कधी कामावर घेत नाहीत. तक्रार पोलिसांकडेही जाते. चूक आपलीच, असे लिलाबाईंनी लिहिले तर नमुन्यात फेरफार केला म्हणून पट्टाच रद्द होतो. त्याने नियम वाचून दाखवला. ज्याने तो नियम केला असेल त्याला हा ओटा दिसला नसणार.

नानांना पहिल्यांदाच वाटले की संघमित्राने हे सगळे शोधले नसते तर बरे. त्यांनी तिच्याकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती.

युवराज आत गेला, बाहेर आला, पुन्हा भिंतीला टेकून उभा राहिला. तो माफी मागेल असे सगळ्यांना वाटले. त्याने मागितली नाही. आई गप्प बसेल असेही सगळ्यांना वाटले.

"किरणभाऊ, लिख," लिलाबाई म्हणाल्या.

किरणने लिहिले. लिलाबाईंना सही येत होती, वाचता येत नव्हते. म्हणून त्यांनी त्याला लिहिलेले मोठ्याने वाचायला लावले. जबाबदार व्यक्तीचे नाव, युवराज झिपरू बैसाणे. वय चौतीस. राहणार चिंचखेडी. वाचून होईपर्यंत युवराज ओट्यावरून उतरला होता. तो रस्त्याला लागला, बसथांब्याच्या बाजूला, घाई न करता.

किरण अडखळला. पुढे तक्रारदाराशी नाते विचारले होते. ते रिकामे सोडले तरी अर्ज चालतो, तो म्हणाला. हवे तर सोडतो.

लिलाबाईंनी पेन मागून घेतले आणि सहीची जागा कुठे ते विचारले.

"भर भाऊ," त्या म्हणाल्या. "तेबी खरंच शे."