घेऊन जा हिला

सूनबाई, पोराला भरवायचं तर भरव, नाही तर ताट उचल, पण ते नाव काढू नकोस. म्हणे बागुलबुवाला बोलावीन! बोलावलंस आणि आला, तर बसवशील कुठे त्याला? हसा, हसा. दिवे गेले, मोबाइलची बॅटरी संपली, म्हणून तुम्हाला म्हाताऱ्याची आठवण झाली. आता झालीच आहे तर ऐका. मधे खुसफुस केलीत तर मी सरळ जाऊन झोपेन.

आमच्याबरोबर एक रंगारी कामाला होता. सगळे त्याला रंगारीच म्हणायचे. माणूस कामाला वाघ, पण कानाच्या पाळीला कायम कुठला ना कुठला रंग लागलेला. बायको दवाखान्यात नर्स, एका आठवड्याआड रात्रपाळी. आणि चार वर्षांची मुलगी. तिला लाडाने ठकू म्हणायचे. घरात सगळी दमछाक काय ती ठकूच्या जेवणाची. घास गालात धरून बसायची, तासभर! आई असली की गोडीगुलाबीने भरवायची. बाप दिवसभर शिडीवर चढून-उतरून आलेला, त्याच्याकडे कुठून येणार एवढा धीर? त्याने एक युक्ती काढली. हात हळूच पाठीमागे न्यायचा, दारावर टकटक करायची आणि आपणच ओरडायचं, "आलास का रे बागुलबुवा? ये रे ये. ही जेवत नाही बघ. घेऊन जा हिला!" पोरगी डोळे गच्च मिटून घास गिळायची. की लगेच, "जा रे तू, जेवली आमची ठकू." रात्रपाळीचा आठवडा असला की रोज हेच. वर्षभर तरी चाललं असेल.

तो बुधवार होता. मार्च संपत आलेला, उकाडा नुसता मी म्हणत होता. ठकू ताटापुढे बसलेली, पहिलाच घास गालात. साडेनऊला बायकोचा दवाखान्यातून फोन आला. "अरे, तिचं खोकल्याचं औषध संपलंय, सांगायचंच राहिलं. मेडिकल बंद व्हायच्या आत घेऊन ये."

"आणि हिला कुठे टाकू?"

"शेजारच्या काकूंना सांग ना जरा बसायला."

काकूंचं दार वाजवायचं त्याच्या जिवावर आलं. एकदा तोंड उघडलं की त्या अर्धा तास सोडायच्या नाहीत. मेडिकल तर कोपऱ्यावरच होतं. तो ठकूला म्हणाला, "मी हा गेलो नि हा आलो. दार कुणालाही उघडायचं नाही."

"'मी बाबा' अशी हाक आली तर?"

"बाबा हाक नाही मारणार, माझ्याकडे किल्ली आहे. हाक आली तर तो बागुलबुवा. तो अगदी बाबाच्या आवाजात बोलतो."

पोरीने घासासकट मान डोलावली. त्याने दार ओढून घेतलं, लॅच लागल्याचा आवाज ऐकला आणि पायऱ्या उतरला. आपल्या हुशारीवर तो जरा खूशच होता.

मेडिकलमध्ये दोन-तीन माणसं होती, थोडा वेळ गेला. परत तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत बनियन अंगाला चिकटलं. किल्ली घातली. फिरली. दार काही हललं नाही.

त्याने खांद्याने ढकललं. आतून वरची कडी लागली होती.

आता ही गोष्ट नीट समजून घ्या. ती कडी दाराच्या अगदी माथ्याला. ठकू खुर्चीवर चढून टाचा उंच करून उभी राहिली असती, तरी तिचा हात तिथे पोचला नसता. रंगाऱ्याला हे चांगलं माहीत होतं. त्याने मुद्दामच ती एवढी वर बसवून घेतली होती.

"ठकू? अगं, कडी कुणी लावली?"

त्याने दारावर थाप मारली.

"ठकू! मी आहे. बाबा."

"नाही," पोरगी आतून म्हणाली. आवाज अगदी शांत. "तू बागुलबुवा आहेस."

"अगं, वेडी का काय तू! मी बाबा आहे!"

"बागुलबुवा असंच बोलतो. बाबांनीच सांगितलंय." मग जरा थांबून ती म्हणाली, "बाबा आलेत. मला भरवतायत."

रंगाऱ्याच्या हातातून औषधाची बाटली सुटली. त्याने दाराला कान लावला. आत चमचा ताटाला लागत होता. हळू... सावकाश... कुणाला काही घाई नसल्यासारखा. आणि मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"आ कर."

त्याने दोन्ही मुठींनी दार बडवलं. त्या आवाजाने काकूंचं दार उघडलं, जेमतेम वीतभर. काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"अहो... तुम्ही तर आत्ता आत गेलात ना? मी पाहिलं की."

"काकू, माझी पोरगी आत आहे हो!"

काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या दाराकडे. आणि आपलं दार लावून घेतलं. एरवी अर्धा तास बोलणारी बाई... एक शब्द नाही.

आत चमचा थांबला होता.

"झालं माझं जेवून," ठकू म्हणाली. "सगळं संपवलं. आता आम्ही जाणार."

"कुठे? ठकू, कुठे जाणार?"

त्याने गाल दाराला टेकवला.

"बाळा, बोल ना. कुठे?"

"बाबाच म्हणतात ना रोज..." पोरगी म्हणाली. "घेऊन जा हिला."

तो उंबऱ्याशी मटकन बसला. वर्षभर, ताटापुढे बसून, हे त्याने आपल्या तोंडाने म्हटलं होतं. हाक मारायची, दारापर्यंत आणायचं, पोर देतो म्हणायचं, आणि मग जा रे म्हणून हाकलायचं. कुत्र्याला तरी कुणी असं करतं का? हे त्याच्या ध्यानात आलं ते तेव्हा, त्या जिन्यात.

मग तो बोलला. पोरीशी नाही. दाराच्या फटीला तोंड लावून, हात जोडून बोलला. आजवर ज्याला अरे-तुरे केलं, त्याला पहिल्यांदा अहो म्हणाला.

"अहो... चुकलो. ती जेवावी म्हणून म्हणत होतो. उगाच म्हणत होतो. मला ती द्यायची नव्हती हो. कधीच नव्हती. मला काय करायचं ते करा... तिला नका नेऊ. पाया पडतो तुमच्या."

जिन्यातला दिवा तेवढा भुणभुणत होता.

तो वाट बघत राहिला...

दाराच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता. वरून. पार वरून, जिथे कडी होती तिथून.

मग कडी सरकली.

दार उघडलं तेव्हा ठकू लांब, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एकटी. ताट लख्ख. त्याने तिला उचलून उराशी घट्ट धरलं आणि तसाच सगळ्या घरातून फिरला. कपाटं पाहिली, पलंगाखाली पाहिलं, खिडक्यांचे गज हलवून पाहिले. कुणी नव्हतं. बाहेर जायचं दार एकच, आणि त्या दारात तर तो स्वतः बसला होता.

"ठकू... ते गेले?"

"हो."

"जाताना काही म्हणाले?"

"येतो म्हणाले."

आता बघा, आपण कुणीही उठताना येतोच म्हणतो. जातो कोण म्हणतं? आणि समोरच्याने काय म्हणायचं, हे पोरांना बोलायला लागल्यापासून आपणच शिकवतो. ठकूला तर वळण फार चांगलं होतं. रंगाऱ्याने तरीही विचारलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, या."

रात्रभर तो दाराला पाठ लावून बसला, पोरीला मांडीवर घेऊन. दिवा मालवला नाही, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. ठकू मात्र छान झोपली, एकदासुद्धा खोकली नाही. सकाळी सातला बायको ड्यूटीवरून आली, तर हा दार उघडेना. आधी तिच्या माहेरच्या सगळ्यांची नावं विचारली, मग कडी काढली. ती बिचारी थकून आलेली, चांगली वैतागली. पण झोपलेल्या लेकीला त्याच्या हातातून घेतलं आणि एकदम हसली.

"अगंबाई! वेणी घातलीस हिची? आणि तुला रे कधीपासून यायला लागली?"

रंगाऱ्याने वेणीकडे पाहिलं. त्याला साधी गाठसुद्धा धड मारता यायची नाही.

"घट्ट किती घातलीय! आणि मधे ही पांढरी लोकर कशाला गुंफलीस?" असं म्हणत तिने वेणी सोडवली आणि ते पांढरं ओढून काढलं. ओढते तर संपेना. हातभर झालं, दोन हात झालं. तिने ते खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, बोटांनी चाचपलं.

लोकर नव्हती ती. केस होते.