डॅशबोर्डवरचे हात

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. पुढं वाचू नका.

व्हर्लीन टिब्स खोटं बोलणारी बाई नाही. तिनं उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात घालवला. तिच्या तोंडचं हे आहे, आणि कुंपणापलीकडच्या डेल्फीननं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. डेल्फीनची जीभ तिखट असेल, पण डोळे पक्के आहेत.

जागा म्हणजे अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराच्या उत्तरेला चिकटलेलं मारडेल. टीचभर गाव, पण पोलीस स्वतःचे.

नोव्हेंबरातला रविवार. चर्च सुटलेलं, जेवणं आटोपलेली. दिवेलागण होत होती.

आदल्याच दिवशी पोलिसांच्या आवारातून कीननची गाडी परत आली होती.

कीनन व्हर्लीनचा एकुलता एक मुलगा. वर्षापूर्वी मागचा दिवा लागत नाही म्हणून त्याला रस्त्यात अडवलं. दिव्यासाठी! आणि गोळी घातली.

पोलीस गोरा होता. त्याच्या छातीवरचा कॅमेरा बंद होता. नेमका तेव्हाच कसा बंद पडतो, देव जाणे.

तो म्हणाला, "त्यानं समोरच्या खणात हात घातला. मला वाटलं, पिस्तूल काढतोय."

झालं. त्याचं म्हणणं खरं धरलं गेलं. खटला उभाच राहिला नाही.

गल्लीतल्या कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.

बसला तो एकट्या व्हर्लीनचा.

त्याचं कारण होतं. तिकडं काळ्या लोकांच्या घरांतून पोर गाडीला हात लावायच्या वयात आलं, की पहिला धडा गाडीचा नसतो. हातांचा असतो. पोलिसानं अडवलं की दोन्ही तळवे डॅशबोर्डवर. बोटं पसरलेली. आवाज खाली. आधी सांगायचं, मग विचारायचं, मग हलायचं. आणि गाडीची कागदपत्रं कायम डोक्यावरच्या उन्हाच्या झडपेला खोचलेली. खाली वाकायची वेळच येऊ द्यायची नाही.

व्हर्लीननं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कीननचे तळवे ठेवून घेऊन हे शिकवलं होतं. चुकला की हातावर उलथन्याचा फटका.

पण वर्षापूर्वी, कीनन गेला त्या रविवारी सकाळी चर्चला जायचं म्हणून तिनंच गाडी पुसली. झडपेतली कागदं सारखी खाली पडत होती. तिनं ती उचलून समोरच्या खणात टाकली.

आणि कीननला सांगायचं विसरली.

दुपारी तो गाडी घेऊन गेला तो गेलाच.

"खणात हात घातला..." हे पोलिसाचं म्हणणं ऐकलं तेव्हाच तिला ती कागदं आठवली. गोळी पोलिसानं घातली, पण हात मी तिथवर नेला... हे तिच्या मनानं घेतलं. कुणाला बोलली नाही. कीननच्या पोरीला, नायलाला तर नाहीच.

तर गाडी परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या संध्याकाळी नायला दारात उभी राहून हट्ट करत होती.

"आजी, गाडी मला ठेव ना. बाबांची आहे."

"उद्या भंगारवाला येतोय. विषय संपला."

"मी शिकेन चालवायला!"

"तू? अगं, कालवणाचं भांडं टेबलापर्यंत नेताना अर्धं सांडतेस!"

कुंपणापलीकडून डेल्फीन हसली. "देऊन टाक बाई भंगारात. आणि पोरी, तू भांडी घास जा."

नायला पाय आपटत आत गेली.

तेवढ्यात...

टिक... टिक... टिक...

गाडीचा वळायचा दिवा लागतो ना, तो आवाज.

"व्हर्लीन, गाडीत काय चालू ठेवलंयस?" डेल्फीननं विचारलं.

पोलिसांनी त्या गाडीची बॅटरी काढून घेतलेली होती. पुढचं झाकण उघडून व्हर्लीननं स्वतः पाहिलं होतं.

ती अंगणात उतरली. आवाज थांबला.

तिनं गाडीचं दार उघडलं. आत वर्षभराची धूळ. सीटवर, स्टिअरिंगवर, सगळीकडं.

डॅशबोर्डवर मात्र...

दोन जागा लख्ख होत्या. दोन तळवे. बोटं पसरलेली.

तिनं एप्रनच्या टोकानं अख्खा डॅशबोर्ड खसाखसा पुसून काढला. "पोलिसांच्या आवारात कुणीतरी टेकलं असेल," ती डेल्फीनला म्हणाली.

दार लावून ती पायरीपर्यंत आली असेल नसेल...

टिक... टिक...

ती मागं फिरली.

डॅशबोर्डवर धूळ होती. पहिल्यासारखीच, जाड.

आणि त्यात ते दोन तळवे.

या वेळी तिनं वाकून नीट पाहिलं. डाव्या हाताची करंगळी बाहेर वळलेली होती. लहानपणी चेंडू लागून मोडलेली, वाकडीच जुळलेली. कितीदा तरी तिनं तिला तेल चोळलं होतं.

"कीनन?"

भ्यायली का? भ्यायलीच. पण आईचा जीव... ती स्टिअरिंगमागं बसली आणि आपले हात त्या ठशांवर ठेवले.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती.

ठसे गरम होते. अंगातली ऊब असते तसे.

आरशात लाल उजेड आला. मग निळा. मग लाल. तिनं मान वळवली. मागं रस्ता रिकामा होता. आरशात पाहिलं... उजेड होताच.

आणि कानाशी, अगदी कानाशी, तिच्या लेकाचा आवाज. खालच्या पट्टीत. शिकवला होता तसा.

"साहेब, कागदं झडपेत नाहीत. समोरच्या खणात असतील. माझे हात इथंच आहेत. तुम्ही सांगाल तेव्हाच काढतो."

तिच्या तळव्यांखालचे हात हलले नाहीत.

"साहेब, माझे हात इथंच आहेत."

हलले नाहीत.

मग काच फुटल्याचा आवाज झाला.

तेव्हासुद्धा हलले नाहीत. हळूहळू गार पडत गेले, एवढंच.

डेल्फीन कुंपण ओलांडून धावली. तिनं व्हर्लीनला खांद्याला धरून बाहेर काढलं. दाराची काच वर्षापूर्वीच गोळीनं फुटलेली होती, बाकी सगळ्या शाबूत होत्या. नव्यानं फुटलेलं असं काहीच नव्हतं.

व्हर्लीन अंगणातच बसून हमसून हमसून रडत होती. "त्यानं हात उचललाच नाही गं. माझ्या लेकरानं हात उचललाच नाही."

वर्षाचं ओझं उतरलं होतं तिच्या छातीवरून. त्या रात्री तिनं नायलाला सगळं सांगितलं. कागदांचंसुद्धा. पोरीनं आजीला घट्ट धरलं.

पण पहाटे व्हर्लीनला दुसरंच सुचलं, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली ती उडालीच. पोरानं सगळं बरोबर केलं होतं. शिकवलेलं एकूण एक.

तरीही.

भंगारवाल्याला तिनं दारातूनच परत पाठवलं. ती गाडी अजून तिथंच आहे. टिकटिक पुन्हा झाली नाही. ठसे वकिलाला दाखवायला गेली, तर सगळीकडं सारखी धूळ.

वसंतात नायलाला सोळावं लागलं. तिच्या आईनं नवी गाडी घेतली, सीटांवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. शिकवायला आजीच हवी, असा पोरीचा हट्ट.

दिवसाउजेडी, भर दुपारी, गाडी घरासमोर उभी. नायला स्टिअरिंगमागं, व्हर्लीन शेजारी. डेल्फीन कुंपणाला टेकून मजा बघत होती. "आजी, आधी ब्रेक की आधी किल्ली?" नायलानं विचारलं.

पहिला धडा कुठला, ते व्हर्लीनला ठाऊक होतं. पण जीभ वळेना. ज्यानं लेक वाचला नाही तेच नातीला काय म्हणून शिकवायचं? आणि ते नाही, तर दुसरं आहे काय तिच्यापाशी?

शेवटी ती म्हणाली, "आधी हात. पुढं ठेव. बोटं पसर."

नायलानं दोन्ही तळवे डॅशबोर्डवर ठेवले. आणि दचकली.

"आजी... इथं गरम का आहे?"

डेल्फीनचं हसू मावळलं. किल्ली तर अजून व्हर्लीनच्या मुठीत होती...

टिक... टिक... टिक...

व्हर्लीननं आरशात पाहिलं. लाल उजेड, मग निळा. मग मान वळवून मागं पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"हात उचलू नकोस, बाळा," ती म्हणाली.