डावा सायलेन्सर

यात एक अक्षरही पदरचं नाही. ज्याच्याबाबत हे घडलं तो मेस्त्री थापा मारणाऱ्यातला नाही. भुताचा विषय निघाला की तोच सगळ्यांत आधी खो खो हसायचा.

शनिवारची संध्याकाळ. गॅरेजमध्ये तो एकटाच. समोर धाकट्या बहिणीची गाडी.

गाडी जुनी, पण ऐटबाज. इंजिनाच्या दोन बाजूंसाठी मागे दोन वेगळे सायलेन्सर. उजवा स्वच्छ होता. डावा मात्र काजळीने काळाकुट्ट.

मेस्त्रीला पहिला संशय आला मेहुण्याचा. स्वस्तात मिळाली म्हणून या पठ्ठ्याने कुणाची तरी ब्याद गळ्यात बांधून घेतली असणार! आणि याच गाडीतून बहीण रोज लेकीला शाळेत सोडत होती.

डाव्या बाजूचे प्लग काढले. काळे, पण ठिणगी झकास. इंजेक्टर ठीक. कॉम्प्रेशनही चोख.

मग काजळी येते कुठून?

त्याने जुनी युक्ती केली. इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरला. इंजिन धड असेल तर कागद बाहेरच उडतो. व्हॉल्व्ह गळका असेल तर मध्येच आत ओढला जातो.

उजवीकडे कागद फडफडला.

डावीकडे... आत ओढला गेला.

पण व्हॉल्व्ह गळका असता तर कॉम्प्रेशन कमी भरलं असतं, ते तर चोख होतं! वैतागून त्याने इंजिन बंद केलं आणि मागे आला.

कागद तोंडाला चिकटलेलाच होता.

तो बाहेर फुगला... मग आत गेला...

पुन्हा बाहेर... सावकाश. झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसा.

"दादा, झाली का रे गाडी?"

दारात बहीण उभी होती, लेकीला घेऊन.

"चिमे, आज नको नेऊस."

"का? काय झालंय?"

आता सांगणार काय? हसली असती ती.

"काजळी येतेय जरा."

"काजळीच ना? मग सोमवारी बघ."

तिने किल्ली उचलली. भाची मागच्या सीटवर चढलीसुद्धा.

गाडी गेली, पण मेस्त्रीच्या जिवाला चैन पडेना. शेवटी त्याने फोन लावला.

"पोचलीस?"

"आत्ताच. इंजिन बंद केलंय. ही मागे झोपलीये, उचलतेय तिला."

"आधी तिला बाहेर काढ. लगेच!"

"काढते रे. पण तू फोनवर असा जोरजोरात श्वास काय घेतोयस?"

मेस्त्रीने तर श्वास रोखून धरला होता...

मायलेकी सुखरूप आहेत. गाडी आता गॅरेजमागच्या शेडमध्ये असते, बॅटरी काढून. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायला त्याचं मन धजत नाही.

भंगारात काढायचं तो रोज ठरवतो. पण ढकलून बाहेर काढायला आधी तिच्या मागे जाऊन उभं राहावं लागेल...