चौथा पिस्टन

मी पीथमपुरात इंजिनाच्या कारखान्यात नोकरी करतो. आमच्याकडे पिस्टन कुणी हातात धरत नाही. यंत्राचा हात तो उचलतो, ब्लॉकमध्ये बसवतो, पडद्यावर हिरवा दिवा लागतो आणि ब्लॉक पुढे सरकतो. मी इंजिनिअर, मी त्या पडद्याकडे बघत बसतो. त्यामुळे धारला सासुरवाडीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली काळी अँबॅसेडर मला लग्नापासूनच खुणावत होती.

गाडी माझ्या सासऱ्यांची. बापूसाहेब धारचे नावाजलेले वकील. तारखांसाठी त्यांना कुक्षीच्या कोर्टात जावं लागे. गाडीची त्यांना हौस होती, पण स्टिअरिंगला त्यांनी आयुष्यात हात लावला नाही. ते मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसत, आणि गाडी गणपत चालवी. गणपत इथलाच, मालव्याचा. मराठी त्याला सगळी समजे, पण बोलायचा हिंदीच.

एका पावसाळ्यात कुक्षीहून परतताना नाल्यावरच्या रपट्यावर पाणी होतं. रपटा म्हणजे बुटका, कठड्याविना पूल. पाण्याने गाडी ढकलून खाली नेली. गणपत दुसऱ्या दिवशी पार खालच्या अंगाला बाभळीत अडकलेला सापडला. बापूसाहेब गाडीतच जिवंत मिळाले, पण उजवं अंग लुळं पडलेलं आणि वाचा गेलेली. तेव्हापासून ते खिडकीजवळच्या पलंगावर आणि गाडी शेडमध्ये. दोघांनाही कुणी हलवलं नाही.

माझी बायको अवंती गाडी भंगारात द्या म्हणून किती वर्षं मागे लागली होती. तिची आई, यमुनाबाई, ऐकत नव्हत्या. त्यांना घरात सगळे अक्का म्हणतात. दिवाळीला आम्ही देवासहून गेलो तेव्हा अक्का स्वतःच मला म्हणाल्या, "अंबरीशराव, ते इंजिन एकदा उघडून तर पाहा. तुमचं तर तेच काम."

"सुट्टीत पण इंजिन!" अवंती म्हणाली. "अक्का, तू पण ना."

मी मात्र पुढच्या शनिवारीच हत्यारं घेऊन गेलो.

पाणी प्यालेलं इंजिन वर्षानुवर्षं तसंच राहिलं की पिस्टन आणि सिलिंडर गंजून एकमेकांना धरतात. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं तेव्हा चार भोकांत चार गंजलेली तोंडं दिसली, तपकिरी, पापुद्रे सुटलेली. हँडल लावून फिरवायचा प्रयत्न केला. भिंत ढकलावी तसं वाटलं. मग मी गाडी उचलून ठोकळ्यांवर घेतली, खालचं ऑइलचं चेंबर सोडलं आणि प्रत्येक पिस्टनचा दांडा खालच्या क्रँकच्या आसापासून मोकळा केला. आता चारही सुटे होते, एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. डिझेलमध्ये पातळ तेल मिसळून प्रत्येक भोकात ओतलं आणि वाट पाहिली. या कामात जोर कमी आणि धीर जास्त लागतो. तेल गंजात मुरायला हवं.

पहिला पिस्टन एका दुपारी सुटला. वर बाभळीचा ठोकळा ठेवून मी लाकडी हातोड्याने हलकेच ठोकत होतो. आवाज बदलला. बद्द होता तो पोकळ झाला आणि पिस्टन नखभर खाली गेला. त्याच क्षणी घरात स्टीलचा पेला पडल्याचा आवाज आला, मागोमाग अवंतीची हाक.

बापूसाहेबांचा उजवा हात चादरीवर होता, आणि त्याची बोटं हलत होती. पेला त्याच हाताने पाडला होता.

अवंती रडत होती, हसत होती. अक्का देवघरात गेल्या. इंदूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, इतक्या वर्षांनी असं सहसा होत नाही, पण कधी कधी होतं. मलाही ते पटलं. ठोकण्याचा आवाज, घरातली वर्दळ, काहीतरी जागं झालं असेल.

दुसरा पिस्टन सुटला तेव्हा त्यांचा पाय हलला.

त्यानंतर मी घरात कुणाशी याबद्दल बोललो नाही. अवंती मात्र माझ्या हातातला हातोडा बघत राही. महिन्याभरात बापूसाहेब भिंतीला धरून उभे राहू लागले. आनंद व्हायला हवा होता. पण ते पलंगावर झोपेनात. सकाळी पाहावं तर खाली फरशीवर, दाराजवळ, अंग चोरून पडलेले. खुर्चीवर बसवलं की घसरून खाली बसत. अक्का खोलीत आल्या की भिंतीला धरून उठत आणि त्या जाईपर्यंत मान खाली घालून उभे राहत. ज्या माणसासमोर कोर्टात न्यायाधीश आवाज खाली आणत, तो माणूस.

"इतकी वर्षं पडून होते बाबा," अवंती म्हणाली. "आदतच मोडली असणार ना."

शेडमध्येही एक गोष्ट मला खटकत होती. चौथ्या सिलिंडरमधलं तेल मी दर खेपेला पुसून काढी, नवं ओती. पुढच्या शनिवारी तेलाखाली पाणी असे. गढूळ, नाल्याच्या वासाचं. ब्लॉकला कुठेतरी चीर असेल, आत साचलेलं पाणी पाझरत असेल, असं मी ठरवलं. पाणी येण्याच्या वाटेवर सगळीकडे दिवा धरून पाहिलं. चीर दिसली नाही. दिसली नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही.

तिसरा पिस्टन सुटला त्या दिवशी मी हातोडा खाली ठेवून मुद्दाम थांबलो. घरातून काहीच आवाज आला नाही. मला हायसं वाटलं. हात पुसून आत गेलो.

बापूसाहेब दारात उभे होते, कशालाही न धरता. समोर अक्का, हातात जेवणाचं ताट. बापूसाहेबांचे ओठ दोन-तीनदा नुसतेच हलले. मग ते बोलले. आवाज त्यांचाच होता, मी जुन्या चित्रफितीत ऐकलेला.

"बाईसाब," ते म्हणाले, "साब कहाँ रह गए?"

अक्कांच्या हातातलं ताट पडलं नाही. त्यांनी ते सावकाश खाली ठेवलं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा.

डॉक्टरांकडे याचंही उत्तर होतं. मेंदूला मार बसला की एक भाषा जाते आणि दुसरी परत येते, अशी उदाहरणं पुस्तकांत आहेत. बापूसाहेबांनी जन्मभर कोर्टात हिंदी वापरली, तीच आधी परतली. मी अवंतीला हे दोनदा समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"कोर्टात ते बाईसाब म्हणायचे कुणाला?" तिने विचारलं.

मी त्यानंतर आठवडेच्या आठवडे धारला जायचं टाळलं. कारखान्यात शिफ्ट वाढवून घेतली. अवंती जाई आणि परत आली की थोडंथोडं सांगे. बापूसाहेब आता अंगण झाडतात. शेडपाशी जाऊन गाडीची काच पुसतात. अक्का त्यांना ओसरीवर पान वाढतात आणि आडून विचारतात, "खाना हो गया?" ते म्हणतात, "जी, बाईसाब." अक्का दुसऱ्या खोलीत झोपतात, दाराला आतून कडी लावून.

शेवटी अक्कांचाच फोन आला. "चौथा केव्हा सोडवणार, अंबरीशराव?"

मी म्हणालो, "अक्का, मी आता त्या गाडीला हात लावणार नाही."

"या तरी."

गेलो. अक्कांनी मला स्वयंपाकघरात बसवलं. त्या शेगडीकडे तोंड करून बोलत होत्या. त्यांचा हात कढईत चालू होता, पण खाली गॅस पेटवलेला नव्हता.

"तुम्हांस एक सांगितलेलं नाही. गाडी बाहेर ओढली तेव्हा हे पुढच्या सीटवर होते. स्टिअरिंगवर दोन्ही हात. बोटं सुटता सुटेनात, एकेक करून सोडवावी लागली. यांना तर गाडी येत नव्हती."

"जीव वाचवायला पुढे सरकले असतील."

"असतील." त्या थांबल्या. "तीन सुटले. प्रत्येक वेळी जरा जरा करून तोच आला, गणपत. माझं माणूस अजून आलेलं नाही. एकच राहिलाय."

"अक्का, तो लोखंडाचा तुकडा आहे."

"मग सोडवायला काय हरकत आहे?"

सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या डोळ्यांत मी इतकी आशा कधी पाहिली नव्हती. तिच्यापुढे माझी भीती मला बोलून दाखवता येईना.

भर दुपार होती. पौषातलं पांढरं ऊन पत्र्यावर होतं, तरी शेडमध्ये गारठा होता. चौथा सिलिंडर काठोकाठ पाण्याने भरलेला. मी ठोकळा शोधायला वळणार होतो. का कोण जाणे, आधी अंगठा पाण्यात घालून पिस्टनवर टेकवला.

तो खाली गेला.

जोर लावावा लागला नाही. लोण्यातून जावा तसा गेला. वरचं पाणी त्याच्या कडेने खाली उतरलं आणि गाडीखाली ठेवलेल्या पत्र्याच्या घमेल्यात पडू लागलं. पडत राहिलं. त्या भोकात पेलाभर पाणी मावतं. घमेलं भरलं, वाहू लागलं, माझ्या बुटांपाशी आलं. त्यात बाभळीची बारीक पानं होती.

मग थांबलं.

मी धावत घरात गेलो. अक्का बापूसाहेबांसमोर उभ्या होत्या, पदर मागे सारून, चेहरा पूर्ण उघडा ठेवून.

"अहो," त्या म्हणाल्या. "ओळखलंत का?"

बापूसाहेबांनी नजर खाली केली. मान वळवून शेडच्या दिशेला कान दिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कामाची लगबग आली.

"बाईसाब, गाडी तैयार करवा दो," ते म्हणाले. "साब को देर हो रही है."

अक्कांनी पदर पुन्हा पुढे ओढला. संध्याकाळपर्यंत त्या ओसरीवर बसून राहिल्या. मी निघताना एवढंच म्हणाल्या, "बसवा आता सगळं. चालू करा."

मी केलं. देवासच्या एका जुन्या लेथवाल्याकडून सिलिंडर घासून आणले, नव्या रिंगा घातल्या, गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरवली. का केलं, हे अवंतीने विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. हातात काम असलं की बरं वाटे. पिस्टन आता तेलात बोटाने सरकत होते. चौथा सगळ्यांत छान.

माघातल्या एका रविवारी सकाळी इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. वाईट आवाज नाही, धूर नाही. इतकं गोड चालणारं जुनं इंजिन मी पाहिलेलं नाही. अवंती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. अक्का माझ्या शेजारी, नवं लुगडं नेसून, बाहेर जायच्या तयारीने.

बापूसाहेब घरातून चालत आले. पाऊल अडखळत नव्हतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. खांद्यावरच्या फडक्याने समोरची काच पुसली, मागे आले आणि डाव्या बाजूचं दार उघडून धरलं.

मान किंचित झुकवून ते थांबले. एखाद्या वयस्कर माणसाला चढायला लागतो तेवढा वेळ.

मग त्यांनी दार अलगद लावून घेतलं.

मी चाकाकडे बघत होतो. सवयच ती. मागच्या डाव्या चाकावरचे स्प्रिंगचे लोखंडी पाटे करकरले, आणि गाडी त्या बाजूला दोन बोटं खाली बसली.

अक्का अजून माझ्या शेजारीच उभ्या होत्या.