यकृतापुरती दुरुस्ती

मंगळावरच्या वसाहतीत जन्मलेलं पहिलं मूल म्हणजे रेवा. कालपरवापर्यंत दुडुदुडु धावणारी ही पोर आता पाय टेकवायलाही तयार नव्हती. मांडीला हात लागला की किंचाळायची. हिरड्या जांभळ्या पडून सुजल्या होत्या.

डॉ. अन्वर देशमुखांनी क्ष-किरण चित्र पडद्यावर आणलं. हाडाभोवती रक्त साकळलं होतं.

"वैजयंतीताई, हा स्कर्व्ही आहे. क जीवनसत्त्वच मिळत नाहीये हिला."

"शक्यच नाही!" रेवाची आई जवळजवळ ओरडलीच.

वैजयंती शेवडे जनुकशास्त्रज्ञ होती. शेळ्या, कुत्री आपल्या यकृतात साखरेपासून क जीवनसत्त्व बनवतात. माणसात ते जनुक फार पूर्वीच बिघडलं. निघण्यापूर्वी तिनं प्रत्येक वसाहतकराच्या यकृतात ते दुरुस्त केलं होतं. त्या भरवशावर हरितगृह रद्द झालं, गोळ्या रद्द झाल्या, सगळं अन्न कोरडं आलं. पुढचं यानही तसंच भरून निघालं होतं.

"दुरुस्ती यकृतात झाली," डॉक्टर हळूच म्हणाले, "बीजपेशींत नाही."

वैजयंतीनं रेवाकडे पाहिलं. "म्हणजे हिच्यात ती उतरलीच नाही. अंगावर पीत होती तोवर माझ्या दुधातून मिळत होतं. आणि मीच तोडलं तिला."

"पुन्हा पाजून बघता?"

"कधीच आटलं. दूध परत येईपर्यंत ही तग धरेल?"

रेवाच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताचा ओघळ आला. तो पुसता पुसता वैजयंती थबकली.

"डॉक्टर, माझं यकृत गरजेपेक्षा जास्तच बनवतं. ते जास्तीचं जातं कुठे?"

"लघवीत," डॉक्टर म्हणाले, आणि ताडकन उठले.

प्रौढांची लघवी गोळा झाली. प्रयोगशाळेत तिच्यातून पिवळट भुकटी वेगळी काढली. साखरपाण्यातून ती चमच्याचमच्यानं पोटात गेली, तसं रक्त थांबलं. काही दिवसांनी रेवा भिंतीला धरून उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

वैजयंती मात्र भोजनकक्षात गेली. तिथं जेवायला बसलेल्या गरोदर बायकांना तिनं काही न लपवता सांगितलं.

मग सातवा महिना लागलेल्या यास्मिननं पोटावर हात ठेवून विचारलं, "म्हणजे माझं बाळ आपल्यासारखं नसेल?"

"नाही. ते पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांसारखं असेल," वैजयंती म्हणाली. "आणि तशा माणसांसाठी ही वसाहत आपण बांधलेलीच नाही."