एका जलागारात दोन शार्क

आपल्या प्रिय जिवाला दुसऱ्याच्या हातून जपले जाताना पाहून आनंद मानणे, ही मनुष्याची फार अवघड परीक्षा आहे. तीत जो अनुत्तीर्ण होतो तो उघड वैर करतोच असे नाही. पुष्कळदा तो केवळ गप्प राहतो. त्र्यंबकराव हर्डीकर असेच गप्प राहिले, आणि त्या मौनाचे फळ एका मुक्या जिवाला भोगावे लागले.

चंद्रावरच्या शीतांशू वसाहतीच्या पहिल्या विभागाचे सारे पाणी काचेच्या एका प्रशस्त जलागारातून फिरत असे. तेथे नाना जातींचे मासे एकत्र नांदत आणि शेवाळ खाऊन पाणी निर्मळ राखीत. त्यांचा अग्रणी काळोबा, गोड्या पाण्यातला शार्क. नावाचाच शार्क, कुळाने तो आपल्या रोहूचा भाऊबंद. काळाभोर देह, लालभडक शेपटी, आणि वीतभरही नसलेल्या त्या शरीरात न मावणारा ताठा. लहानसहान माशांना तो कसाबसा सोसून घेई. आपल्या जातीचा दुसरा मात्र त्याला डोळ्यांसमोर खपत नसे. त्र्यंबकरावांनी अकरा वर्षे त्याला सांभाळले होते. इतरांना लपता यावे म्हणून पाणवनस्पतींची दाटी केली होती, त्याची गुहा कोणी अडवू नये याची काळजी घेतली होती. वसाहत त्यांना आदराने 'जलपाल' म्हणे.

पुढे दुसऱ्या विभागाचे जलागार गळू लागले, आणि तेथली जलपाल डॉक्टर रेवती गावित आपली शार्क, टिकली, घेऊन इकडे आली. जलागारे दोनाची एक झाली आणि जलपालाचे पदही एकच उरले. महिनाअखेरीस समिती निवड करणार होती.

टिकलीला आठवडाभर त्याच पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून रेवतीने उपाय सांगितला.

"काका, माशाच्या मेंदूत राहत्या जागेचा एक नकाशा असतो. मी त्याला स्थानपट म्हणते. गुहा कुठे, दगड कुठे, आणि त्यावर 'हे माझं' असा ठसा. माझा विस्मरणतरंग तो पट पुसतो. पोहणं, खाणं, ओळखीपाळखी, काही जात नाही. फक्त हक्क जातो."

"माणसाचाही?"

"रचना तीच, फार पुरातन. म्हणून तर आपण शिशाच्या पडद्याआड थांबायचं. नाहीतर उद्या तुम्हीच मला विचाराल, बाई, हे घर कोणाचं?" ती खळखळून हसली.

त्र्यंबकराव हसले नाहीत. पाणी न्यायला येणारी माणसे अलीकडे दारातूनच "बाई आहेत का?" असे विचारीत. ते एक वेळ सोसता आले असते. पण सकाळी काळोबाने रेवतीच्या बोटांतून काकडीची चकती खाल्ली होती. तो मान मिळवायला त्र्यंबकरावांना चार वर्षे लागली होती.

"तरंग काळोबालाच पुरे," रेवती म्हणाली. "टिकली इथे अजून पोहलेलीच नाही. तिचा हक्क कुठून येणार?"

येथेच ती चुकत होती, हे त्यांच्या ध्यानात आले. पृथ्वीवर मासे पाळणारे नवा मासा सोडण्याआधी टाकीतले सगळे दगड हलवतात, म्हणजे जुना-नवा भेद उरत नाही. येथले दगड तळाशी ओतून बसवलेले, हलणारे नव्हते. शिवाय मासा पाहूनही जागा शिकतो. टिकली आठवडाभर जाळीतून टक लावून पाहतच होती. एकालाच परके केले, तर दुसरा मालक होणार. शब्द ओठांशी आले. मग समितीची बैठक आठवली.

"तुम्ही विदुषी," ते म्हणाले. "आमच्यासारख्या पाणक्याला काय कळतंय!"

टिकलीला पडद्याआड ठेवून काळोबावर तरंग सोडला, मग तिला मोकळे केले. पहिल्या दिवशी दोघे शांतपणे फिरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी टिकलीने गुहा घेतली. तिसऱ्या सकाळी काळोबा पाण्याच्या पृष्ठभागाशी, नळामागे दडलेला दिसला. शेपटी फाटली होती, काळा रंग राखेसारखा झाला होता. आपण मार का खातो, हेही त्याला ठाऊक नव्हते.

त्र्यंबकरावांनी रेवतीला बोलावून काचेपाशी आणले.

"रेवती, हे होणार, हे मला माहीत होतं."

"म्हणजे?"

"तिनं जाळीतून जागा शिकून घेतली होती. दोघं एकाच वेळी परके झाले असते, तर वाटून घेतलं असतं. मी बोललो नाही. तू हरावीस असं वाटलं मला."



"तो तुमच्याकडे वळला की मी मुद्दाम आधी काकडी पुढे करायची," रेवती म्हणाली. "तुमचा चेहरा पडलेला बघायला बरं वाटायचं."

दोन्ही माशांसाठी यंत्र सज्ज झाले. साठ सेकंदांची गणती सुरू झाली. रेवती पडद्याआड गेली; त्र्यंबकराव काचेपाशीच उभे राहिले.

"काका, आत या!"

"नको. पद सोडून मी सुटेन, पण काळोबानं तुझ्या हातून खाल्लं की मी पुन्हा जळफळेन. पोहणं, खाणं जात नाही म्हणालीस ना? म्हणजे हातातलं कसबही राहील. मग हा ठसाच जाऊ दे."

"अहो, अकरा वर्षं आहेत ती!"

"म्हणूनच."

वीस सेकंद उरले. एकाएकी रेवती पडद्याबाहेर आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"हे काय? मागे हो!"

"तुम्ही एकट्यानं विसरलात, तर उद्या मी मालकीण होईन," ती म्हणाली. "इतके दिवस मीसुद्धा टक लावूनच पाहत होते, काका."

यंत्र मंद घुमले आणि थांबले.

दोन लाल शेपट्या एकमेकींना ओलांडून सावकाश निघून गेल्या. काचेसमोरची दोन माणसे एकमेकांना ओळखत होती. ती कोठे उभी आहेत, एवढेच त्यांना कळत नव्हते.

"सुंदर आहे हे सारं," त्र्यंबकराव म्हणाले. "कोणाचं गं?"

"कोण जाणे. पण काळोबाची शेपटी फाटलीय. औषध द्यायला हवं."

"हवंच. कुठे ठेवत असतील?"

मग ती दोघे एकेक कपाट उघडून पाहू लागली. चुकीचे उघडले की हसत, आणि पुढच्याकडे वळत.

नवा पट उमटायचा तेव्हा उमटेलच. त्या दोन मुक्या जिवांच्या आणि त्या दोन शहाण्या माणसांच्या पटावर तेव्हा दुसऱ्यापुरती जागा मोकळी राहो, आणि त्यांचे पाणी सदैव निर्मळ असो.