माहीत नाही, तुम्हीच सांगा

प्रेमलता प्रदर्शनात शिरली ती विज्ञानासाठी नव्हे, कूलरसाठी. १९८६चा एप्रिल, सदर भागातलं कॉलेज, आणि खस-वाळ्याच्या ओल्या वासाचा वारा नेमका तिथल्याच एका विद्यार्थ्याच्या, गिरिधरच्या टेबलावर येत होता. टेबलावर कॉम्प्युटर. इंग्रजी अक्षरांतून साधा मराठी प्रश्न टाइप करा, हा उत्तर देतो — असा गिरिधरचा दावा.

तिनं विचारलं, ‘दूध नासलं तर काय करावं?’

पडद्यावर उमटलं, ‘दुसऱ्या बसची वाट पाहावी.’

ती खळखळून हसली. गिरिधरचे कान लाल.

“सकाळी कुणी ‘बस चुकली तर काय करावं’ विचारलं होतं. निम्मे शब्द जुळले की याला तोच प्रश्न वाटतो.”

“आणि नाही जुळले तर?”

“मग म्हणतो, माहीत नाही, तुम्हीच सांगा. आपण उत्तर लिहिलं की लक्षात ठेवतो.”

“तुमच्यापेक्षा बरा म्हणायचा. तुम्ही तर माझं नावही नाही विचारलं!”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. पुढे कूलर बंद पडला, तरी आली. तिच्या मनाचा हिशेब मांडणाऱ्यानं एवढं एकच जमेला धरावं. गिरिधर तिची खुर्ची रुमालानं पुसून ठेवायचा. बोलायचा मात्र फक्त मशीनबद्दल.

गुरुवारी ती हसली नाही. बसली आणि टाइप केलं, ‘रविवारी पाहुणे मला बघायला येणार. काय करावं?’

‘माहीत नाही, तुम्हीच सांगा.’

तिनं कीबोर्ड गिरिधरपुढं सरकवला.

“मी... मी काय सांगू?”

“उमरेडचा मुलगा आहे. बाबांना पसंत आहे. मला नाही. मी दुसऱ्या बसची वाट पाहणाऱ्यातली नव्हे. लिहा.”

“पण माझी नोकरी अजून...”

“नोकरीचं मी विचारलं का?”

एकेक अक्षर शोधत त्यानं लिहिलं, ‘शनिवारी मी घरी येतो. प्रेमलताला मागणी घालतो.’

उत्तर जपून ठेवायची कळ तिनंच दाबली. त्याचं बोट तिथंच होतं — तिनं ते बाजूला केलं नाही.

शुक्रवारी तिच्यासोबत तिचे बाबा, रुपराव, मशीन बघायला आले. तिला कीबोर्डपुढं बसवून म्हणाले,

“मी सांगतो, तू टाइप कर वं. रविवारी पाहुणे येणार, जेवायला काय करावं?”

निम्म्याहून जास्त शब्द तेच! गिरिधरनं डोळ्यांनीच विनवलं — नको... प्रेमलतानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. आणि ठामपणे कळ दाबली.

रुपरावांनी उत्तर दोनदा वाचलं. चष्मा काढला.

“मी जेवणाचं विचारलं. हे मशीन घरी येतो म्हणते?”

“मशीन नाही...” गिरिधर उभा राहिला. “मी.”

“काहून?”

“प्रेमलता मला आवडते. आणि तिला...”

“तिले मी वळखतो. कळ तिनंच दाबली ना?” रुपराव दाराकडे वळले. “शनिवारी माहा उपास असते. आज रातीच जेवाले ये. होकार नाही दिला मी अजून, समजलं?”

ते बाहेर गेले. प्रेमलतानं हळूच विचारलं, “जेवायला काय करू मग?”

“माहीत नाही... तुम्हीच सांगा.”

“तुम्ही नाही,” ती म्हणाली. “आता तू म्हणायचं.”